पत्र्याखालचा खर्ज

लातूरमध्ये त्या काळी शिकवणाऱ्याची पारख रस्त्यावर उभं राहून होत असे. पोराला क्लासला घालायला आलेले पालक आत येऊन फळा बघत नसत. बाहेर मोटारसायकलला टेकून कान देऊन उभे राहत. आतल्या सरांचा आवाज समोरच्या पानटपरीपर्यंत खणखणीत आला, की एकमेकांना सांगत, "हितंच टाका. सरला आवाज हाय." आत पोरांच्या डोक्यात काय शिरतंय, हा पुढचा प्रश्न. मी केमिस्ट्री शिकवत होते आणि माझा आवाज पानटपरी ओलांडून पलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात पोचत असे. झेरॉक्सवाला म्हणायचा, मॅडम, मला अर्धं ऑरगॅनिक पाठ झालंय. मला त्याचा चांगलाच अभिमान होता.

भूकंप होऊन काही वर्षं उलटली होती. ज्या मोकळ्या प्लॉटांवर तेव्हा लोक सतरंज्या टाकून झोपले होते, तिथं आता क्लासचे पत्र्याचे हॉल उभे राहिले होते. आमच्या हॉलमध्ये दीड-दोनशे पोरं बसत. वर पत्रा, पत्र्याखाली पंखे, आणि ते पंखे असे खडखडत की त्यांच्यावर आवाज चढवल्याशिवाय गत्यंतर नसे. क्लासचे मालक सर माइक घ्यायला तयार नव्हते. माइकवर कुणीही शिकवतंय, असं त्यांचं म्हणणं. खऱ्या मास्तराला गळा असतो.

तर तो गळा बसला. आधी संध्याकाळच्या बॅचला थोडी खरखर यायची. मी लवंग चघळली, ज्येष्ठमध चघळलं, हळद-दूध प्यायले आणि ओरडत राहिले. एके दिवशी बेंझिनचं कडं फळ्यावर काढून मागे वळले, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. पुढच्या बाकावरची पोरगी हसली, मग सगळा हॉल हसला. मीही हसले, पण त्या हसण्यालासुद्धा आवाज नव्हता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या, ज्वारीच्या कणीएवढ्या. ओरडणाऱ्या लोकांना येतात, म्हणाले. दिवाळीपर्यंत बघू, नाही बसल्या तर ऑपरेशन करू. मी कागदावर लिहून विचारलं, "नंतर गाता येईल?" त्यांनी कागद वाचला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "बोलता नक्की येईल."

हे उत्तर मला फार लागलं. मी गात होते हे लातुरात कुणाला माहीत नव्हतं. नांदेडला एम.एस्सी. करताना एका बाईंकडे गाणं शिकले होते. नोकरी लागली, लातूरला परतले आणि शिकणं थांबलं. पण गाणं सोडलं असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. "सध्या बंद आहे," एवढंच म्हणायची, जसं काही दुकान आहे आणि मालक जेवायला गेलाय. डॉक्टरांच्या खोलीत पहिल्यांदा वाटलं की ते दुकान कायमचं बंद होईल. गाणं मला हवं होतं. इतकं हवं होतं हे ते जायची वेळ आल्यावरच कळलं.

सरांनी पंधरा दिवस नोट्स काढायच्या कामावर बसवलं. रविवारी क्लासमध्ये नुसती परीक्षा असे, शिकवणं नसे. त्या रविवारी पहाटेची एसटी पकडून अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेले.

बाई संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि विष्णुपुरीच्या रस्त्याला एकट्या राहत. त्यांची तालीम हैदराबादेत झाली होती आणि जीभ नांदेडात धारदार झाली होती. मी दारातूनच कुजबुजत सगळी कहाणी सांगू लागले. त्यांनी हात वर केला.

"कुजबुजू नको. कुजबुजणं ओरडण्यापेक्षा वाईट. बोलायचं तर नीट बोल, न्हाई तर गप बस."

मी गप बसले. त्यांनी मला क्लासमध्ये शिकवते तसं एक वाक्य म्हणायला लावलं. मी जमेल तसं म्हटलं. बाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्या मानेकडं होतं.

"अगं माय, तू शिकवून न्हाई राहिलीस, भांडून राहिलीस. शिरा बघ कशा तटतटून राहिल्यात. कुणाशी वैर हाय तुझं?"

"पंख्यांशी," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी मला गाऊ दिलंच नाही. जमिनीवर उताणं झोपवलं आणि पोटावर माझ्याच पिशवीतलं केमिस्ट्रीचं जाडं पुस्तक ठेवलं. श्वास घेतला की पुस्तक वर गेलं पाहिजे, छाती हलता कामा नये. सोडताना पुस्तक सावकाश खाली. "बरं झालं," म्हणाल्या, "कशाला तरी उपयोग झाला त्या पुस्तकाचा." मी रसायनशास्त्राची, पुरावा मागणारी बाई. मला वाटलं, गाठी घशात आणि इलाज पोटावर! पण दुसरा इलाज नव्हता, म्हणून घरी येऊन रोज पुस्तक पोटावर घेऊन पडू लागले. खाकरणं बंद, तिखट कमी, पाणी भरपूर. सारखी खाकरायची सवय सुटायला सगळ्यात जास्त त्रास झाला. वर्गात प्रत्येक समीकरणाआधी मी एकदा खाकरत असे, हे मला पोरांनीच सांगितलं.

मग ओठ मिटून गुणगुणणं आलं. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटलेले, जीभ सैल. नाकाच्या मुळाशी मुंग्या आल्यासारखं वाटलं पाहिजे. ते जमू लागल्यावर बाई म्हणाल्या, "आता पहाटे खर्ज." खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातला सा, गायकाच्या आवाजाचा तळ. "पण ओढायचा न्हाई. आडात पोहरा सोडतो तसा सोडायचा. दोर हातात ठेवायचा, आपटायचा न्हाई."

"किती दिवसांत फरक पडंल?"

"का? गाडी सुटून राहिली का तुझी?"

सुटतच होती. दिवाळी जवळ येत होती.

आमच्या घरामागे धुणं धुवायची जागा होती. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत. घरात सगळे झोपलेले असत म्हणून मी तिथं बसायचं ठरवलं. भात्याची जुनी श्रुतिपेटी धुण्याच्या दगडावर ठेवली, तिचा सगळ्यात खालचा सूर उघडला आणि त्यात माझा फुटका सा मिसळला. पत्रा लगेच उत्तर देऊ लागला. झर्रर्र असा बारीक कंप सगळीकडून. मला बरं वाटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून किंकाळी आली, "गुडगुड आली! उठा! उठा सगळे!"

आमच्या भागात जमिनीतून गुडगुड येते. मोठ्या भूकंपाआधीही येत होती, नंतरही येत राहिली. तो आवाज ऐकला की आमचे पाय डोक्याला विचारत नाहीत. मीसुद्धा श्रुतिपेटी टाकून पळाले. गल्लीत सगळे गोळा झाले, लेकरं कडेवर, म्हाताऱ्यांच्या अंगावर चादरी. कुणी म्हणालं चार रिश्टरचा होता, कुणी म्हणालं लहान होता, नुसता आवाजच जास्त. मीही काळजीनं विचारत होते, कुठं झाला असंल हो? थोड्या वेळानं सगळे आपापल्या घरी गेले. मी परत येऊन बसले आणि सा लावला. परत तीच किंकाळी. या वेळी सूर लावताना माझा एक हात पत्र्याच्या आडव्या लाकडावर होता, ते लाकूड माझ्या सुराबरोबर थरथरत होतं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

गल्लीत जाऊन सांगावं लागलं. त्यापेक्षा भूकंप परवडला असता.

किंचाळणाऱ्या त्या शेजारच्या काकू. त्यांचं माहेर औशाच्या बाजूला, पडलेल्या गावांपैकी एक. त्यांची आई आणि धाकटा भाऊ त्यात गेले. तेव्हापासून काकू स्लॅबखाली झोपत नसत. काकांनी मागच्या अंगणात पत्र्याचं शेड मारून दिलं होतं. सुरुवातीला सगळं घर तिथं झोपत असे. मग काका आत गेले, मुली मोठ्या होऊन आत गेल्या, आणि काकू एकट्याच बाजेवर राहिल्या, थंडीत, पावसात, उन्हाळ्यात. त्यांच्या शेडचा पत्रा आणि आमच्या धुण्याच्या जागेचा पत्रा एकाच भिंतीवर टेकला होता. म्हणजे माझा सा थेट त्यांच्या उशाशी जात होता. हे लक्षात आल्यावर मला रडूच आलं.

गल्लीनं निवाडा दिला की मॅडमनी दुसरीकडं कुठंही रेकावं. पण लातुरात पहाटे मोकळी जागा मिळणं मुश्कील. पाचला पहिल्या बॅचा सुरू होत. क्लासचा हॉल भरलेला, देवळात काकडा, मैदानावर पोलीसभरतीची पोरं. घरात खोलीत बसले तर आप्पा म्हणाले, "बाई, आधी गल्ली उठीवली, आता बापाला उठीव." दोन दिवस खाडा झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू भिंतीशी आल्या. त्या दिवसापासून माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

"तुझं ते औषध हाय म्हणं."

"हाव काकू. गाठी बसाव्या म्हणून."

"मग बंद कामून केलंस? कर. पर आधी मला आवाज देत जा. मीच हाय म्हणून सांग. मग मी न्हाई भिणार."

आमच्याकडं हाक मारण्याला आवाज देणं म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे भिंतीशी उभी राहून आवाज देऊ लागले, "काकूऽ, मीच हाय. सुरू करून राहिले." पलीकडून बाज करकरे आणि उत्तर येई, "हाव. कर." मगच मी पेटीचा भाता उघडत असे. त्या "हाव"मध्ये झोप मोडल्याचा शीण असे आणि भीती दाबलेली असे. तरी एकदाही त्यांनी नको म्हटलं नाही.

खर्ज मात्र लागत नव्हता. खाली गेलं की आवाज विरून जायचा, मधेच फाटायचा. नांदेडला बाईंपुढं बसून मी दर रविवारी तेच फाटकं कापड दाखवायची. एका रविवारी वैतागून त्यांना काकूंची सगळी गोष्ट सांगितली. बाई खूप हसल्या, मग पुढं सरकल्या.

"कसा आवाज देतेस? दे बघू."

"आता?"

"मी काकू. मी झोपले हाय. दे."

मला लाज वाटली, पण दिला. "काकूऽ, मीच हाय."

बाई ताठ बसल्या. "परत." मी परत दिला. "अजून एकदा." मग माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं वेडे, हा बघ की तुझा आवाज! कुठं लपवून ठेवला होतास इतके दिवस?"

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. सा लावताना मी आधी गळा आवळते आणि मग त्याला धक्का देते, वर्गात मुलांवर वाक्य फेकते तसं. काकूंना आवाज देताना मला त्यांना दचकवायचं नसतं. म्हणून श्वास आधी मोकळा होतो, आवाज त्याच्यावर अलगद बसतो, जबडा सैल राहतो. आणि तरी तो भिंतीपलीकडं स्पष्ट जातो. "आता 'कूऽ' धर आणि सोडू नको. त्याच जागी सा लाव." मी "काकूऽ" म्हटलं, "ऊ" धरून ठेवला, मग सावकाश "आ" केला. सा लागला. तो मोठा नव्हता, गोडही नव्हता, पण फाटला नाही. शेवटपर्यंत माझ्या हातात राहिला. बाईंनी पाठीत धपाटा घातला.

"आता खाली उतर. पायरी पायरीनं. आणि प्रत्येक पायरीवर काकू झोपलेल्या हायेत, हे ध्यानात ठेव."

पुढं पुष्कळ दिवस माझा सगळा रियाज एवढ्याच सूचनेवर चालला. सुराच्या सुरुवातीला धक्का लागला की समजायचं, काकू दचकल्या. परत लावायचा. वर्गातही बाईंनी तेच करायला सांगितलं. शेवटच्या बाकावर काकू झोपल्यात असं धर, त्यांना उठवायचं पण घाबरवायचं न्हाई. मी हळू बोलू लागले, पंखे खडखडले तर थांबू लागले. पहिले काही दिवस पोरं गोंधळली. मग मागची पोरं पुढं वाकून ऐकू लागली, आणि दोन-तीन पोरांनी आपणच उठून सगळ्यात बोंबलणारा पंखा बंद केला. घाम पुसत ऐकत बसली बिचारी.

सर बाहेरून आले. "मॅडम, रस्त्यावर काहीच ऐकू येईना. पालक विचारून राहिलेत, आत कुणी शिकवतंय का?"

"त्यांना आत येऊन बसू द्या," मी म्हटलं. एरवी माझा पारा चढला असता आणि आवाजही. पण आवाज चढवायची मनाई होती, त्यामुळं भांडणसुद्धा सभ्यपणे करावं लागलं. सर चक्रावले. पुढच्या महिन्यात त्यांनी माइक आणला, स्वतःसाठी. त्यांचाही गळा बसत चालला होता, पण ते कुणाला सांगत नव्हते.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांकडं गेले, पहाटेच्या रियाजाचं सांगितलं. माझी आई, आव्वा, बाहेर बाकावर शिवाचं नाव घेत बसली होती. डॉक्टरांनी आरसा घातला, "ई" म्हणायला लावलं, परत बघितलं, मग आरसा काढून हात धुवायला उठले. ते हात धुतील तोवर माझा जीव टांगणीला.

"बसल्या," ते पाठमोरेच म्हणाले.

"मग गाऊ?"

"मला काय विचारता? गाताच आहात की. गाण्यानंच बसल्या म्हणा."

मी बाहेर येऊन आव्वाला मिठी मारली. आव्वा म्हणाली, "हळू, पोरी, लोक बघून राहिलेत." मला बघितलेलं चालणार होतं.

घरी आल्या आल्या भिंतीशी गेले. काकू सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होत्या. गाठी बसल्याचं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवून हात जोडले. मग परत सूप घेतलं आणि खाली बघूनच विचारलं, "मग आता सकाळचं बंद?"

"न्हाई काकू. बाई म्हणतात, गळा हाय तोवर करायचं."

"बरं," एवढंच म्हणाल्या आणि खडे वेचत राहिल्या.

त्या "बरं"वरून मला काही समजलं नाही. इतके दिवस त्यांनी औषध म्हणून सोसलं होतं. रोज पहाटे त्या आवाजानं उठायचं, मनाला समजवायचं की ही जमीन नव्हे, ही शेजारची पोरगी. आता औषधाचं निमित्त संपलं होतं. आपल्या हौसेसाठी या बाईला रोज उठवायचा मला काय अधिकार? मनाशी ठरवलं, उद्या पहाटे सरळ विचारायचं, आणि नको म्हणाल्या तर पेटी गुंडाळायची, मग गाण्याचं काही का होईना.

पहाटे भिंतीशी उभी राहिले. "काकूऽ, मीच हाय."

उत्तर आलं नाही. बाजही करकरली नाही. मी परत आवाज दिला. काहीच नाही. दगडावर चढून भिंतीवरून डोकावले. बाज उभी करून ठेवलेली होती, अंथरूण नव्हतं.

मागचं दार उघडून काका आले. तोंडावर बोट ठेवलं.

"काका, काकू कुठं?"

"झोपली हाय. आत."

"आत?"

"हाव. खोलीत. राती आपणहून अंथरूण उचललं आणि आत आणून टाकलं. मी काही बोललो न्हाई. बोललो असतो तर परत गेली असती." काका दारातच घुटमळले. "मी इचारलं, भ्या न्हाई वाटत का? तर म्हणली, सकाळी त्या पोरीचं ऐकू आलं की समजंल मला, घर उभं हाय."

मी दगडावरून उतरले आणि पेटीपुढं बसले. रडू दाटलेल्या गळ्यातून खर्ज लागत नाही, हे बाईंनी शिकवलं नव्हतं. काका भिंतीपलीकडून हळूच म्हणाले, "कर की. वाट बघत झोपली असंल ती."

पाणी प्यायले. पाठ सरळ केली, श्वास पोटात घेतला आणि सा सोडला. पत्रा रोजच्यासारखा थरथरला, आणि आत कुणीही उठलं नाही.